लोड रनर: नुसतं पळून भागत नाही

लोड रनर या जुन्या व्हिडिओ गेममध्ये विटांत खड्डे खणत, शत्रूंना चुकवत सोनं वेचायचं. 'शत्रू दिसला की खड्डा खणून उलटीकडे पळा' असा सल्ला बरेच जण देतात; तो सुरुवातीला चालेल, पुढे कोपऱ्यात सापडाल. त्यापेक्षा खड्डा खणून तिथेच थांबा, शत्रू खड्ड्यात पडला की खुशाल त्याच्या डोक्यावरून चालत जा. दिसणारं सगळं सोनं वेचूनही बाहेर पडायची शिडी येत नसेल, तर उरलेलं कुणीतरी शत्रूच घेऊन हिंडतोय. खड्ड्यात पाडलं की सोडतो.

सहसा कुणी सांगत नाही ते म्हणजे दोन थर खाली कसं जायचं. पायाखाली खणता येत नाही, म्हणून शेजारची वीट फोडून एक पाऊल मागे या, लगतची दुसरी फोडा, तिच्यात उतरून मग पहिलीच्या खालची. झटपट, नाहीतर खड्डा बुजतो आणि तुम्ही आत! (पुण्यात पासोड्या विठोबापाशी घेतलेल्या आमच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर हाच गेम वेगवेगळ्या नावांनी भरला होता.)