‘गायकप्रमुख संच’ आणि ‘इतिहासाधारित’ बरोक संगीत : पर्यायांविषयी

युरोपातील सतराव्या-अठराव्या शतकांतले ‘बरोक’ संगीत गाणाऱ्या व्हॉक्स लुमिनिस या बेल्जियममधील संचाची ओळख मराठीत करून देताना पहिली अडचण ‘वाद्यवृंद’ या शब्दाचीच येते. लियोनेल म्योनिए या खर्जातल्या आवाजाच्या गायकाने २००४ साली नामूर येथे स्थापन केलेल्या या संचात वाद्ये असतात, परंतु त्याचा कणा गायकच आहेत. जर्मन संगीतकार हाइनरिख श्युट्झने १६३६ साली एका अंत्यविधीसाठी रचलेल्या ‘म्युझिकालिश एक्सेक्विएन’च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला ‘ग्रामोफोन’ नियतकालिकाचा २०१२ सालचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या रचनेला साथ आहे ती केवळ खालच्या स्वरांचा अखंड आधार देणाऱ्या वाद्यांची. ‘समूहगान’ म्हणावे, तर त्या शब्दाने आपल्याकडे अनेकांनी मिळून एकच चाल गाणे सूचित होते; येथे प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी असते आणि एकेका ओळीला पुष्कळदा एखाददुसराच गायक असतो. त्यामुळे ‘संच’ हा साधा शब्दच मला बरा वाटतो.

‘संचालक’ म्हटले की गायकांकडे तोंड करून हातवारे करणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. म्योनिए मात्र इतरांच्या रांगेत उभे राहून स्वतः गातात आणि तिथूनच इशारा देतात. शाहीर आणि झीलकरी ही जोडी सुचवण्याचा मोह होतो. पण झीलकरी शाहिराचीच ओळ उचलून धरतात, तर येथे कोणताही आवाज दुय्यम नसतो. ‘म्होरक्या’ हा एरवी चपखल शब्द वृत्तपत्रांनी टोळ्यांना बहाल करून टाकला आहे. उरतो ‘गायकप्रमुख’, तो थोडा कार्यालयीन वाटला तरी चुकीचा नाही.

जुने संगीत त्या काळच्या वाद्यांवर आणि पद्धतींनी सादर करू पाहणाऱ्या चळवळीला मराठीत नाव देताना खरी मेख आहे ती ‘इतिहास’ या पदाशी. ‘ऐतिहासिक सादरीकरण’ असे लिहिले की वाचक ‘गाजलेली मैफल’ असा अर्थ घेतो. ‘अस्सल’ हे विशेषण युरोपातही या चळवळीने काही काळ मिरवले आणि पुढे बहुतेकांनी सोडून दिले, कारण सतराव्या शतकातील नाद नेमका कसा होता, हे आज कोणालाच ऐकता येत नाही. हाती असतात ती जुनी हस्तलिखिते, त्या काळचे शिक्षणग्रंथ आणि टिकून राहिलेली वाद्ये. त्यांच्या आधारे आतड्याच्या तारा वापरायच्या, आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४१५ हर्ट्झवर सूर लावायचा, असे निर्णय घेतले जातात, आणि ते निर्णय संचागणिक बदलतात. ‘कालबरहुकूम’ हा शब्द कानाला गोड आहे, पण जणू भूतकाळाने हुकूम दिला आणि यांनी तो पाळला, असा दावा त्यात येतो. ‘इतिहासाधारित’ एवढा दावा करत नाही.

‘बरोक’ मात्र तसाच ठेवावा. हा शब्द सामान्यतः वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दापर्यंत नेला जातो, आणि पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो मोत्यांच्याच संदर्भात येतो. संगीताला तो लागला तो दूषण म्हणून : १७३४ साली फ्रेंच संगीतकार रामोच्या ऑपेरावर टीका करणाऱ्या एका निनावी पत्रात. त्याऐवजी ‘अलंकारप्रचुर’ म्हटले, तर श्युट्झची ती संयत रचनाच व्याख्येबाहेर राहते.