गणपतीचे उरलेले पैसे कुठे द्यायचे?
(खारघरमधल्या एका सोसायटीचा ग्रुप)

सुहास, बी-402: मंडळी, वर्गणीतले 38 हजार अजून खात्यात पडून आहेत. 28 फेब्रुवारीला दुर्मिळ आजार दिन आहे. लहान मुलांच्या अशा आजारांवर जे संशोधन चालतं, त्याला देऊया का?

प्रधान काका, ए-101: त्यातून खुर्च्या घ्यायचं ठरलं होतं. मागच्या मीटिंगला मी दीड तास उभा होतो.

मृणाल, सी-603: संशोधनाला कशाला? रोज कुठल्या तरी बाळाची लिंक येते, सोळा कोटींच्या इंजेक्शनची. त्यातल्या एकाला देऊ. निदान कुणाला दिले ते तरी कळेल.

सुहास: 2021 मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी पैसे जमवले, सरकारने आयातीवरचे कर माफ केले. बाळाला औषध मिळालं, फार चांगलं झालं. पण पुढच्या बाळाच्या आईबापांपुढे पुन्हा तोच आकडा. औषध बाहेरून येतंय तोवर हे असंच चालणार.

सेक्रेटरी: बी विंगचं पाणी आज 3 ते 5 बंद. टाकी धुतायत.

अनघा, सी-204: मी इथे फारशी लिहीत नाही. आमच्या अर्णवला ड्युशेन आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. बऱ्याच जणांना माहीत आहे. खाली खेळताना पाहिलं असेल, जमिनीवरून उठताना आधी हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. सध्या स्टिरॉइड आणि फिजिओथेरपी, एवढंच. नाव केईएममध्ये नोंदवलंय, तिथे दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे. सरकारी धोरणात 50 लाखांपर्यंत मदत आहे. पण त्याच्या म्युटेशनवर, म्हणजे जनुकातल्या बिघाडावर, चालणारं औषधच नाही, तर त्या 50 लाखांचं करू काय? आम्हाला वर्गणी नको. औषध शोधणाऱ्यांना द्या.

मृणाल: अनघा 🙏 हे माहीत नव्हतं गं.

आपटे सर, ए-704: अमेरिकेत 1938 साली लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी थेट व्हाइट हाउसला पाठवली होती. पोलिओसाठी. साल्कची लस 1955 ला आली, ती अशाच लोकवर्गणीतून.

प्रधान काका: सर, पोलिओची भीती घरोघरी होती. ड्युशेन पाच हजार मुलग्यांत एखाद्याला. लोक का देतील?

आपटे सर: म्हणूनच तर मागावं लागतं. एकेक आजार दुर्मिळ, पण असे आजार सात हजारांच्या घरात आहेत. बहुतेकांवर औषध नाही.

नेहा, ए-905: आणि इथे काम होत नाही असं नाही. आपल्या खारघरचं ॲक्ट्रेक घ्या, टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने कार-टी उपचार (पेशंटच्याच पेशी बदलून परत देतात) तयार केला, 2023 ला मंजुरी मिळाली. तो रक्ताच्या कॅन्सरवरचा आहे, विषय वेगळा. पण परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे 40 लाखांच्या आसपास आला. तेही कमी नाहीत म्हणा.

अनघा: ड्युशेनवर बंगळुरूची डार्ट संस्था काम करते. पालकांनीच उभी केली, आयआयटी जोधपूर सोबत आहे.

चेअरमन: भावना समजतात, पण वर्गणी लोकांनी गणपतीसाठी दिली आहे. न विचारता दुसरीकडे वळवली तर उद्या कुणीही हिशोब मागेल. रविवारी 11 ला विषय घेऊ. तोवर ज्याला द्यायचे त्याने स्वतःच्या खिशातून द्यावेत.

मृणाल: आणि प्लीज, कुणी फॉरवर्ड आलेला क्यूआर कोड टाकू नका. पैसे थेट संस्थेच्या खात्यावर. कुठल्या कामाला लागणार ते लेखी मागायचं, करसवलतीची 80जी ची पावती घ्यायची.

नेहा: नव्या करप्रणालीत त्या पावतीचा उपयोग नाही 😄

मृणाल: नसू दे. पैसे पोचल्याचा पुरावा तरी राहतो.

सुहास: मी डार्टला आणि केईएमच्या केंद्राला मेल टाकतो. उत्तर येईल ते रविवारी वाचून दाखवतो.

प्रधान काका: माझे दोन हजार लिहून घे. खुर्च्यांचा विषय मात्र अजेंड्यावर ठेवा.