दोष बी३चा नाही, चौथ्या खेळीचा

काका, तुमच्या भाच्याने सोलापूरच्या रॅपिड (जलद) बुद्धिबळ स्पर्धेत बी३ने, म्हणजे बी पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सरकवून, डाव सुरू केला, वीस खेळ्यांच्या आत हरला आणि कोचने त्याला ‘कडेची प्यादी ढकलत बसू नकोस’ म्हणून झापलं, असं तुम्ही लिहिलंय. कोचचं अर्धंच पटलं.

बेलग्रेड, १९७०. सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं जग, पहिला पट. जगाच्या संघातल्या डेन्मार्कच्या लार्सनने सोव्हिएत विश्वविजेत्या स्पास्कीविरुद्ध हेच बी३ खेळलं आणि सतरा खेळ्यांत डाव सोडला. पण डाव लावून बघा. चौथ्या खेळीला घोडा एफ३वर आला, काळ्याने ई५वरचं प्यादं लगेच ई४वर ढकलून त्याला हुसकावलं. घोडा डी४वर गेला, मग सी६वर मारामारी. एकाच घोड्याच्या तीन खेळ्या, आणि शेवटी तो पटावरच नाही! तोवर काळ्याचे मोहरे बाहेर पडले होते. चौदाव्या खेळीला स्पास्कीने हत्ती चक्क एच१वर नेऊन दिला, कारण जी३वरच्या प्याद्याला पुढे सरकायचं होतं. तेच पुढे वजीर झालं. (आमच्या क्लबात ही खेळी दाखवली की पोरं चहा विसरतात.)

त्याच वर्षी स्पेनमधल्या पाल्माला अमेरिकेच्या फिशरने ब्राझीलच्या मेकिंगला बी३नेच हरवलं. तिथे घोडा एफ३वरच होता, पण समोर काळ्याचं प्यादं ई५वर नव्हे, डी५वर होतं. म्हणजे ई४चा धक्का नाही.

भाच्याला सांगा, समोर ई५ आलं तर आधी ई३, घोडा नंतर. आणि त्याचा स्कोअरशीट (खेळ्यांची नोंद) असेल तर इथे टाका.