पेनीवरचं पाणी वर की खाली, यात खरंच काही आहे का?

डबेवाला (लेस्टर)

गेल्या रविवारी इथल्या कार बूट सेलला गेलो होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सकाळी सकाळी एखाद्या माळावर गाड्या लावायच्या, डिकी उघडायची आणि घरातली अडगळ विकायची.) एका आजोबांकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आत नुसत्या जुन्या ब्रिटिश पेन्या. दहा पौंड म्हणाले, दिले. घरी मोजल्या तर २१४. आपल्या दहाच्या नाण्यापेक्षाही मोठ्या, काळसर, हाताळून गुळगुळीत झालेल्या. बोटांचा वास दोन दिवस गेला नाही.

म्हटलं, जाणकारांना विचारू. तर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "१९०२ ची आहे का? पाणी कुठे आहे?" म्हणजे काय, तर मागच्या बाजूला ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी, बसलेली असते, तिच्यामागे समुद्राची रेघ असते. ती रेघ तिच्या पायांच्या अढीशी आली तर नाणं साधं, अढीच्या खाली असली तर 'लो टाइड', म्हणजे ओहोटीची पेनी, भाव वेगळा. १८९५ ची असेल तर तिच्या हातातला त्रिशूळ आणि 'पेनी'मधला पी यांच्यातलं अंतर मोजा. एक मिलीमीटर असेल तर ठेवा बाजूला, दोन असेल तर नाचा.

माझं मत स्पष्ट आहे. नाणी जमवणं समजतं. राजा बदलला, साल बदललं, धातू बदलला, त्यात इतिहास आहे. पण व्हरायटी, म्हणजे एकाच सालाच्या नाण्यांतले असे बारीक फरक, हा निव्वळ कीस पाडण्याचा धंदा आहे. १९०२ साली या पेनीने पाव घेणाऱ्या बाईला पाणी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं आणि तिचं काही अडलं नाही. विक्रेत्यांनी अल्बममध्ये एक खाना जास्त छापला आणि आपण तो भरायला धावलो. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण द्यावं. "दुर्मीळ आहे म्हणून" हे कारण चालणार नाही.

भिंगवाली

कारण देते. मी भोसरीला प्रेस टूलच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे नाण्यापेक्षा आधी मला डाय दिसतो, म्हणजे ज्याने ठसा उमटतो तो साचा.

तुमच्या डब्यातली १९११ ते १९२५ मधली कुठलीही पेनी घ्या, ब्रिटानियाची बाजू वर करा आणि दिव्याखाली हळूहळू तिरकी करा. सपाट भागावर एक पुसट सावली दिसेल. ती राजाच्या डोक्याची आहे, पलीकडच्या बाजूच्या! पाचव्या जॉर्जचं डोकं मोठं आणि उठावाचं होतं. ठोका पडला की धातू तिकडे ओढला जायचा आणि मागच्या बाजूला कमी पडायचा. यालाच भुताटकी म्हणतात, इंग्रजीतही घोस्टिंगच. टांकसाळ कित्येक वर्षं याच्याशी झगडत होती. १९२६ मध्ये त्यांनी डोकं सुधारून नवा साचा केला. ओळखायची खूण गळ्याच्या कापावर, म्हणजे जिथे राजाची मान संपते तिथे, आहे: आधी शिल्पकार मॅकेनलची आद्याक्षरं टिंबांसह, 'बी.एम.', कापाच्या मध्याकडे असायची, नव्या साच्यात टिंबं गेली आणि अक्षरं मागे, मानेकडे सरकली. १९२६ च्या बहुतेक पेन्या जुन्या साच्याच्या, थोड्या नव्या. १९२७ ला सगळ्याच नव्या. १९२८ ला डोकंच लहान केलं आणि भूत उतरलं.

आमच्याकडे नवा डाय चढला की पहिला नग कुणी भंगारात टाकत नाही. त्यावर सही होते, तो जपून ठेवतात. १९२६ ची ती पेनी मला तशी वाटते. आता सांगा, हा कीस आहे का?

डबेवाला

१९२६ मान्य. पण तुम्ही सोयीचं उदाहरण उचललंत. पाण्याचं काय? त्या ओहोटीने कुठला प्रश्न सुटला?

नाना १८६०

डबेवाल्यांशी निम्मा सहमत आहे, आणि हे मी चाळीस वर्षं पेन्या जमवल्यावर म्हणतोय. माझं नावच त्या सालावर आहे. १८६० साली तांबं गेलं आणि ब्राँझ आलं. नाणं हलकं झालं, औंसाला तीन. मोठ्या प्रमाणावर जुनं गोळा करून नवं पाडायचं होतं, त्या घाईत साचे भराभर बदलले. कुठे किनारीला मणी, कुठे दाते, आणि काही नाण्यांना एका बाजूला मणी तर दुसऱ्या बाजूला दाते. या शेवटच्या प्रकाराला म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर, गाढव-घोडीचं. इथपर्यंत मला मजा येते. पुढे मात्र यादीला अंत नाही. फ्रीमनच्या सूचीतले नंबर झाले, त्यांच्यावर नवे नंबर चढले, आता अमुक अक्षराचा अमुक पाय दात्यासमोर आहे की दोन दात्यांमधे, इथवर गाडी आली. मी साल पुरं झालं की थांबतो.

आणि एक पोळलेला अनुभव. १८८२ ची पेनी. त्या साली बर्मिंगहॅमच्या हीटनच्या खाजगी टांकसाळीने पेन्या पाडल्या, तारखेखाली छोटा 'एच' असतो. एच नसलेली १८८२ अत्यंत दुर्मीळ. मला एका विक्रेत्याने ती दिली, पैसेही भरपूर घेतले. घरी आणून तिरप्या उजेडात दहापट भिंगाखाली धरली तर तारखेखाली केसासारखे बारीक ओरखडे. एच खरवडून काढला होता आणि वर रंग चढवून काळं केलं होतं. त्या रात्री जेवलो नाही. व्हरायटी नसती तर कुणी ही कारागिरी केलीच नसती. साधी १८८२ खरवडून कुणाला काय मिळणार होतं?

भिंगवाली

नाना, वाईट वाटलं. पण दोष व्हरायटीचा कसा? नोटा खोट्या निघतात म्हणून नोटा बंद करत नाहीत... बरं, ते उदाहरण आपल्याकडे देऊ नये.

एवढंच सांगते की एच उठावात बारीक असतो, नाणं झिजलं की तोही पुसतो. म्हणून गुळगुळीत १८८२ वर एच दिसत नसेल तर त्याचा अर्थ काहीच नाही. केसांचा अंबाडा, ब्रिटानियाच्या ढालीवरच्या रेघा ठसठशीत असतील आणि तरीही एच नसेल, तरच पुढे बघायचं. हे शिकायलाही व्हरायटीच शिकावी लागते ना?

आणि तुमचं "साल पुरं झालं की थांबतो" हेही मला पटत नाही. १८६४ ते १८७९ मधल्या शिलिंगांवर (बारा पेन्सचं चांदीचं नाणं) मागच्या बाजूला, तारखेच्या वर एक बारका आकडा असतो. तो डायचा नंबर. कुठला साचा किती टिकला हे बघायला टांकसाळीने घातला होता. आमच्याकडेही प्रत्येक डायवर नंबर ठोकतात, त्याच कारणासाठी. तुम्ही साल बघून शिलिंग डब्यात टाकता तेव्हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची कुणाची तरी कामाची नोंद न वाचता टाकता.

हिशेबनीस

तुम्ही दोघं रसिक आहात, तुमचं ठीक. मी बाजाराकडे बघतो आणि मला डबेवाल्यांचा मुद्दा त्यांनी मांडला त्याहून जास्त पटतो.

ब्रिटनमध्ये १९७१ पासून दोन पेन्सच्या नाण्यावर 'न्यू पेन्स' असं लिहिलेलं असायचं. १९८२ पासून ते 'टू पेन्स' झालं. १९८३ ची काही नाणी चुकून जुन्याच मजकुराची पडली, तीही संग्राहकांसाठीच्या संचांत गेली. ही खरी व्हरायटी, फक्त १९८३ ची. पण ऑनलाइन जाऊन बघा, १९७१ ची, १९७८ ची, कोट्यवधींनी पाडलेली नाणी "दुर्मीळ न्यू पेन्स" म्हणून हजारो पौंडांना लावलेली असतात. शब्द खरा, साल खोटं. आपल्याकडे तर याचा वेगळाच अवतार निघाला. "तुमच्याकडे जुनं नाणं आहे? लाखो मिळवा" म्हणत आधी शुल्क भरायला लावणारे, तेही रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन. बँकेलाच २०२१ मध्ये लोकांना सावध करावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच की ज्या फरकाला भिंग लागतं तो फरक सामान्य माणूस स्वतः तपासू शकत नाही, आणि जे तपासता येत नाही ते विकणाऱ्याचं फावतं.

जकातनाका

@हिशेबनीस, न्यू पेन्सला भिंग कुठे लागतं? साल वाचता आलं की झालं. तिथे लोक फसतात ते वाचत नाहीत म्हणून.

आणि डबेवाले, तुमच्या पाववाल्या बाईबद्दल. "लोकांना फरक दिसत नव्हता" हे नेहमीच खरं नाही. १८८७ ची सहा पेन्सची चांदी घ्या. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून नवी नाणी निघाली. सहा पेन्सच्या मागे मुकुटाखाली ढाल, किंमत कुठेच लिहिलेली नाही. आकाराने आणि रूपाने ती थेट सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखी! लोकांनी वर सोन्याचं पाणी चढवलं आणि दहा शिलिंग म्हणून खपवायला सुरुवात केली. सहा पेन्सचे दहा शिलिंग, म्हणजे वीसपट. टांकसाळीने त्याच वर्षात ढाल काढून टाकली आणि माळेच्या आत 'सिक्स पेन्स' असं ठळक लिहिलं. तर १८८७ ची दोन सिक्सपेन्स शेजारी ठेवली की एक अख्खी फसवणूक आणि तिचा बंदोबस्त दिसतो. त्या पाववाल्या बाईने मागची बाजू नक्की पाहिली असणार.

डबेवाला

हे मला माहीत नव्हतं. आवडलं. पण बघा हं, तुम्ही जी उदाहरणं देताय त्यांना काहीतरी कारण आहे. भूत, डायचा नंबर, मुलामा. मी विचारतोय ते बिनकारणाच्या व्हरायटींबद्दल. पाणी!

सराफाचा नातू

सांगलीचे आहोत, तीन पिढ्या पेढी. आमच्याकडे वादच नव्हता. गिन्नी, म्हणजे ब्रिटिश सोन्याची सॉव्हरिन, आली की काट्यावर, पावणेआठ-आठ ग्रॅम, बावीस कॅरेट, हिशेब पुरा. घोडेवाला जॉर्ज पुढे आहे की मागे हेसुद्धा आजोबा बघत नसत. मोडीला आलेली गिन्नी आटायची आणि तिच्या पाटल्या व्हायच्या. वजन खोटं बोलत नाही, असं ते म्हणत, आणि या धाग्यात मी त्यांच्याच बाजूने लिहायला बसलो होतो.

मग एक आठवलं. १९१८ साली लंडनने सॉव्हरिन पाडलीच नाही. त्या सालाची म्हणून जी दिसते ती बाहेरच्या शाखांची, ऑस्ट्रेलियाची, कॅनडाची, आणि आपल्या मुंबईची. मुंबईची खूण म्हणजे घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, तारखेच्या वर, एक इवलासा 'आय', इंडियाचा. मुंबईने ब्रिटिश सॉव्हरिन पाडली ती या एकाच सालाची. वडिलांनी हे कुठेतरी वाचलं तेव्हा पेढीत एकच १९१८ ची शिल्लक होती. कापूस बाजूला करून बघितली, आय होता. मधल्या काळात आम्ही अशा किती आटवल्या याचा विचार त्यांनी मोठ्याने केला आणि आजी आतून म्हणाली, "त्यातलीच माझी पाटली असेल."

ती एक गिन्नी आम्ही मोडली नाही. वजनाला ती बाकीच्यांएवढीच आहे.

हिशेबनीस

सराफसाहेब, ही टांकसाळीची खूण झाली. याला मी व्हरायटी म्हणत नाही.

नाना १८६०

म्हणावं लागेल. माझा एचही टांकसाळीचीच खूण आहे. तुम्हाला आवडली की इतिहास, नावडली की कीस, असं नाही चालणार. (हे मी स्वतःलाही सांगतोय.)

भिंगवाली

पाण्याचं सांगते, कारण डबेवाले सोडणार नाहीत. मूळ नमुन्यावरून पंच (उठावाचा ठसा) होतो, पंचावरून डाय. मधे नमुना पुन्हा कोरला की रेघ हलते. एवढंच. त्यामागे फसवणूक नाही, युद्ध नाही. कुणीतरी टेबलावर वाकून समुद्र पुन्हा कोरला आणि तो थोडा वर आला. मला यात कारण पुरेसं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर ती पेनी पेनी म्हणून ठेवा, कुणी पोलीस पाठवत नाही.

फक्त एक विनंती, चकाकी यावी म्हणून चिंच लावू नका. तो काळा थर गेला की नाणं गुलाबी, उघडं पडतं, आणि मग पाणी कुठेही असलं तरी संग्राहक हात लावत नाही.

डबेवाला

चिंचेचा सल्ला दोन दिवस उशिरा आला. चार पेन्या गेल्या. बायकोने तेव्हाच सांगितलं होतं.

असो. काल रात्री डबा सालाप्रमाणे लावला. १९३३ अर्थातच नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या साली चलनात पेन्या पुरेशा होत्या म्हणून मोजून पाच-सात पाडल्या, त्यातल्या काही तर इमारतींच्या पायाखाली पुरल्या. लीड्समधल्या एका चर्चच्या पायातली १९७० मध्ये चोरीला गेली.) १९०२ च्या तीन निघाल्या. दोघींचं पाणी अढीशी. तिसरी इतकी झिजलीय की पाणीच दिसत नाही, ब्रिटानिया कोरड्यात बसलीय.

भिंगवाली

फोटो टाका. उजेड बाजूने, तिरपा. पायांच्या उजवीकडे रेघेचा तुकडा बहुतेक वेळा उरतो.

डबेवाला

टाकणार नाही. माझं मत बदललेलं नाही.

डबेवाला

टेबल लॅम्प चालेल का?