‘अ‍ॅडहरन्स’ला मराठीत काय म्हणावं?

सई: अमेरिकेतल्या ह्मोंग रुग्णांवरचा लेख मराठीत आणतेय. १९७५नंतर लाओसमधून निर्वासित होऊन गेलेले हे डोंगरी लोक. अमेरिकेत सेंट पॉल, फ्रेस्नो या शहरांत त्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत. विषय ‘मेडिकेशन अ‍ॅडहरन्स’, म्हणजे ठरलेली औषधं न चुकता घेत राहणं. मी ‘औषध-अनुपालन’ लिहिलं, संपादक म्हणतात कचेरीचा वास येतो.

कृष्णाकाठ: अनुपालनच ठेवा. रुळलेला शब्द आहे.

परिचारिका: रुळलाय तो अहवालात. अनुपालन म्हणजे हुकूम मानणं, तो कंप्लायन्स. अ‍ॅडहरन्समध्ये रुग्णाला पटलेलं असतं. वॉर्डात आम्ही विचारतो, “गोळ्या नेमाने घेता ना?” नेम म्हणा.

सई: नेम आवडला. पण गाठ पुढेच आहे. उच्च रक्तदाबाला ह्मोंग भाषेत ‘न्छा शिआ’ म्हणतात, शब्दशः ‘रक्त उंच’. बऱ्याच वयस्करांना वाटतं, बरं वाटलं की औषधाचं काम संपलं. मग रोजचा नेम कशासाठी?

माजघर: सासूबाईंचं हेच. डोकं दुखेल त्याच दिवशी बीपीची गोळी. डॉक्टर दोनदा रागावले, उपयोग शून्य. शेवटी मी पाकीट देवघरात निरांजनाशेजारी ठेवलं. दिवा लावला की गोळी. आता पाकिटावर ‘दिवेलागण’ असंच लिहिलंय, ‘सायं. ७’ नाही.

सई: अगदी हेच! वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य-चंद्र काढायचे, समजावताना घरच्या वडीलधाऱ्यांना बसवायचं, आजाऱ्याचा आत्मा परत बोलावण्याचा विधी करणाऱ्यांनाही धुडकावायचं नाही. ह्मोंग भाषेची रोमन लिपीतली लेखनपद्धतीच १९५०च्या दशकातली, नुसतं पत्रक छापून काय होणार?

कृष्णाकाठ: पण ताई, ‘बीपी’ काय? रक्तदाब म्हणा.

माजघर: सासूबाई ‘मला बीपी आहे’ म्हणतात. त्यांचा शब्द मी का बदलू?

परिचारिका: मधुमेहाला ह्मोंग लोक काय म्हणतात?

सई: ‘न्छा का झी’. गोड रक्त.

परिचारिका: किती सरळ! आपल्या मधुमेहातला ‘मेह’ लघवीचा, रुग्णाला कळतच नाही. मी ‘रक्तात साखर’ म्हणते तेव्हा मान हलते.

कृष्णाकाठ: संस्कृत व्याकरणात मेह आणि मेघ एकाच ‘मिह्’ धातूचे मानतात, अर्थ शिंपणे. इतका सुंदर शब्द सोडायचा?

परिचारिका: सुंदर आहेच. पण समोरचा माणूस इन्सुलिन सोडून घरी बसलेला असतो, काका.

कृष्णाकाठ: मग शब्द समजावून सांगा. दोन मिनिटं लागतात.

माजघर: ओपीडीत दोन मिनिटं मिळतात कुठे?

सई: ‘औषधाचा नेम’ असं शीर्षक केलं, तर कुणाला नेमबाजी आठवेल का?