अनुभव धागा : ई५२०० आणि ई८४००, दोन जुने ड्युअल-कोअर प्रोसेसर प्रत्यक्ष कामात कसे वाटले?

आमच्या गावच्या वाचनालयाला एका कार्यालयातून काढलेले डेस्कटॉप मिळाले आहेत. काहींत इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोअर ई५२००, काहींत कोअर टू ड्युओ ई८४००. मुलांचं मराठी टायपिंग, ऑनलाइन अर्ज, थोडं प्रोग्रॅमिंग एवढी कामं त्यांच्यावर व्हायला हवीत. कोणतं मशीन कोणत्या टेबलावर जावं हे अंदाजाने ठरवायचं नाही, म्हणून हा धागा.

कागदावरचं आधी लिहितो. दोन्ही २००८ चे, ४५ नॅनोमीटरचे, एलजीए ७७५ सॉकेटचे. आतली रचनाही एकच, वोल्फडेल. ई५२०० ला २.५ गिगाहर्ट्झ, २ एमबी एल-टू कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), ८०० ची बस (प्रोसेसर आणि रॅममधला माहितीचा रस्ता). ई८४०० ला ३ गिगाहर्ट्झ, ६ एमबी कॅश, १३३३ ची बस. वेगात फरक २० टक्के, कॅश मात्र तिप्पट. ही तिप्पट कॅश कोणत्या कामात जाणवते आणि कोणत्या कामात नुसती पडून राहते, ते सांगा. बेंचमार्कचे गुण नकोत. काम काय होतं आणि रॅम किती होती, तेवढं जरूर लिहा.

लग्नाचे व्हिडिओ करतो, नाशिक

दोन्ही मशीन शेजारी शेजारी होती, दोन्हींत ४ जीबी रॅम. डीव्हीडीसाठी रेंडर लावला की ई५२०० ला जिथे तास लागायचा, तिथे ई८४०० पन्नास मिनिटांच्या आसपास मोकळा व्हायचा. म्हणजे गिगाहर्ट्झच्या हिशेबाने जेवढा फरक पडायला हवा तेवढाच. कॅशचा वेगळा फायदा मला दिसला नाही. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, फ्रेमचे लहान लहान तुकडे घेऊन त्यांच्यावरच गणितं करत बसतो, आणि ते तुकडे २ एमबीतही मावतात.

मोठा फोल्डर दाबून त्याची आरएआर फाइल करताना मात्र ई८४०० बराच पुढे जायचा, २० टक्क्यांहून नक्की जास्त. तिथे प्रोग्रॅमला मागे येऊन गेलेला मजकूर सारखा धुंडाळावा लागतो. तो कॅशमध्ये सापडला नाही की रॅमकडे धाव, आणि रॅमपर्यंतचा रस्ता म्हणजे तीच ८०० ची बस.

डीटीपी, कोल्हापूर

पत्रिका आणि हँडबिलं कोरलमध्ये करताना मला दोन्हींत काहीच फरक वाटला नाही. फ्लेक्सची मोठी फाइल फोटोशॉपमध्ये उघडली की ई८४०० वर फिल्टर लवकर लागायचा, हे खरं. पण त्या मशीनला रॅमही जास्त होती. पुढे ई५२०० ची रॅम २ जीबीची ४ केली आणि हार्ड डिस्कचा खडखडाट थांबला. तेव्हापासून ते मशीन गिऱ्हाइकासमोर बसून काम करायला पुरेसं झालं. दादा, आधी रॅम बघा.

टॅली आणि एक्सेल, लातूर

आमच्या कामात फरक शून्य. प्रिंटर जास्त वेळ खातो.

तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, पुणे

ई५२०० चा खरा गुण अजून कोणी लिहिला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. याचा गुणक, म्हणजे मूळ बसच्या किती पट वेगाने प्रोसेसर चालतो तो आकडा, १२.५ आहे. मूळ बस २०० मेगाहर्ट्झ, म्हणून २०० गुणिले १२.५ बरोबर २.५ गिगाहर्ट्झ. (८०० हा आकडा येतो तो एका ठोक्यात चारदा माहिती जाते म्हणून.) बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) २०० चे २६६ केले की थेट ३.३३ गिगाहर्ट्झ, आणि साधी डीडीआर-टू ८०० रॅम असली तरी तिच्यावर काही ताण येत नाही. होस्टेलवर आम्ही पुष्कळ जणांनी हे केलं होतं. ई८४०० चा गुणक ९. त्याची बस मुळातच ३३३ ची, त्यामुळे तो वर न्यायचा तर बोर्ड आणि रॅम दोन्ही चांगल्या प्रतीचे लागायचे.

३.३३ वर नेलेला ई५२०० एन्कोडिंगमध्ये मूळ वेगाच्या ई८४०० च्या पुढे जायचा. गेममध्ये मात्र तो तेवढा पुढे गेला नाही, कारण गेमची माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि तिथे ६ एमबी कॅश आपलं काम करते. काउंटर-स्ट्राइक १.६ ला दोन्ही भरपूर. जीटीए फोरला दोन्ही अपुरे, त्याला चार कोअर हवे होते.

मला आजही वाटतं की कमी पैशांत एवढी मजल देणारे प्रोसेसर फार थोडे झाले. वाचनालयात मात्र वेग वाढवू नका. तिथे मशीन दिवसभर बिनतक्रार चाललं पाहिजे.

शिक्षक, नांदेड

प्रोग्रॅमिंगच्या टेबलावर ई८४०० च ठेवा. कारण वेग नाही, व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालवायला प्रोसेसरकडून मिळणारी मदत. ही सोय ई८४०० मध्ये आहे, ई५२०० मध्ये नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमला ६.१ आवृत्तीपासून ती लागतेच, त्यामुळे ई५२०० वर नव्या आवृत्तीत व्हर्च्युअल मशीन सुरूच होणार नाही. ई८४०० वरही व्हर्च्युअल मशीन सावकाश चालतं, पण मुलांना एका सिस्टिममध्ये दुसरी बसवून दाखवता येते. पायथन शिकवायला दोन्ही चालतात.

धागाकर्ता

सर, हे ठाऊक नव्हतं, फार उपयोगी पडेल. यूट्यूब आणि विंडोजचं कसं करावं? मदरबोर्ड काही जी३१ चिपसेटचे आहेत, काही जी४१ चे.

संगणक दुरुस्ती, ठाणे

विंडोज ११ चा विचार सोडा. २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची आज्ञा (इन्स्ट्रक्शन) लागते आणि ती या दोघांतही नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला, मराठी टायपिंगही नीट होतं.

यूट्यूबचा व्हिडिओ नव्या व्हीपी९ स्वरूपात आला की १०८० ला दोन्ही धापा टाकतात. ब्राउझरला जुनं एच.२६४ स्वरूप मागायला लावणारं एक्स्टेंशन टाका, ७२० सुरळीत चालेल. जीटी ७१० सारखं कार्ड कुठे पडलेलं असेल तर ते लावा, एच.२६४ चं ओझं ते उचलतं.

जी३१ ला ४ जीबीच्या वर रॅम जात नाही, जी४१ ला ८ पर्यंत जाते. म्हणून शक्य असेल तिथे ई८४०० जी४१ वर हलवा. आधी त्या बोर्डाच्या बायोसमध्ये ई८४०० चालतो का ते कंपनीच्या यादीत बघा. प्रोसेसर काढालच तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. इतक्या वर्षांत ती खडखडीत वाळलेली असते. आणि पंख्याच्या चारही पिना पलीकडून बाहेर आल्यात का, ते बोर्ड उलटा करून पाहिल्याशिवाय मशीन चालू करू नका.