मुलीची पहिली गाडी: दोन लाखात जुनी सेडान घ्यावी का?

मनीषनगरची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी १९ ची आहे, पर्मनंट लायसन्स आलं आत्ताच. कॉलेज नागपूरच्या हिंगणा रोडला, आतापर्यंत अ‍ॅक्टिव्हावर जात होती पण मे महिन्यातलं ऊन आणि एमआयडीसीची शिफ्ट सुटल्यावरचे ते ट्रक, ती घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला. बजेट दोन लाख, फार तर सव्वादोन. मिस्टर म्हणतात ऑल्टो घे, ठोकली तरी वाईट वाटणार नाही. मॅडमला २००९ ची होंडा सिटीच पायजे, का तर मैत्रिणीच्या भावाकडे आहे. आणखी एक २०१३ ची डिझायर पेट्रोल आणि त्याच साली घेतलेली एतिओस पाहून ठेवली, फोटोत तिन्ही चकाचक. या भावात जुनी सेडान परवडते का, की पांढरा हत्ती होऊन बसते? धाकटा १६ चा आहे, तो तर आत्तापासूनच चावी मागून राहिला.

गॅरेजवाला_भाऊ
ताई मॉडेल नंतर, आधी पाण्याचं बघा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या आठवते न? त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नसतील. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढा, विकणारा वरचा पट्टा धुते पण रीळमध्ये गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही, तिथे मातकट रेघ दिसली की सरळ घरी. डिक्कीतली स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, गाळ हाताला लागतो. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का तेही बघा आणि गाडीत उगाच जास्त परफ्यूम मारला असेल तर काऊन मारला ते विचारा.

दुसरं, सकाळी लवकर जा आणि मालकाला सांगून ठेवा गाडी चालू करू नका म्हणून. गेल्या गेल्या बोनेटला हात लावा, गरम लागलं तर थंड स्टार्टिंगचा काहीतरी लोचा लपवून राहिला समजा. इंजिन गार असतानाच कूलंटचं झाकण उघडा (गरम असताना चुकूनही नाही, तोंड भाजते), पाणी गंजासारखं तांबूस किंवा वर तेलाचा तवंग असेल तर ती गाडी विसरा. एसी मात्र भर दुपारी चेक करायचा, गाडी उन्हात उभी ठेवून, एसी फुल, आणि टेंपरेचरचा काटा बघत बसायचं. चालत्या गाडीत सगळेच एसी थंड करतात, पंचेचाळीस डिग्रीत सिग्नलला उभं राहिल्यावर खरं कळते.

पोट्टा_३१
मी सिटीवालाच आहे पण खरं सांगतो, इंजिन मख्खन, स्पेअरचं बिल आलं की पोटात गोळा. आणि मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर खालून खर्रर्र. बाकी सेडान घ्यायची तर घ्या न, लोकं सेकंडहँडमध्ये छोट्या गाडीच्या मागे पळतात म्हणून त्याच पैशात सेडान बरी मिळते. फक्त दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेलला भुलू नका. तिकडे जुन्या गाड्यांवर वयाचे निर्बंध आले म्हणून इकडे ढकलतात, मग तिकडच्या आरटीओची एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, एमएच नंबर घ्या, स्वस्ताई तिथंच जिरते बावा.

धरमपेठ_काका
वहिनी, सिटीचं एक कोणी बोललंच नाही. २००९ ची म्हणजे आरसीची (रजिस्ट्रेशनच्या कागदाची) १५ वर्षं २०२४ लाच संपली. रिन्यू केली असेल तर पाच वर्षांसाठी असते, नसेल तर फिटनेस, पर्यावरण कर, रिन्यूअल फी (२०२२ च्या एप्रिलपासून कारला पाच हजार झाली) सगळं तुमच्या डोक्यावर. आधी आरसीवरची तारीख बघा, रंग नंतर. २०१३ ची २०२८ पर्यंत निवांत आहे, पोरीचं कॉलेज होऊन जाते.

माझं मत एतिओस. दिसायला शासकीय आहे, मान्य. पण २०१६ ला ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था) टेस्टमध्ये एअरबॅगवाल्या एतिओसला पाचपैकी ४ स्टार मिळाले होते. एअरबॅग मात्र नक्की बघून घ्या, ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून कंपल्सरी झाली, त्याआधीच्या बेस मॉडेलात बरेचदा नसतेच. नवीन पोरगी हिंगणा रोडला गाडी घालणार, सनरूफ नसला तरी चालते, एबीएस पायजे, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होत नाहीत. डिझायर आणि एतिओस दोन्ही टॅक्सीत खूप चालल्या आहेत, पिवळी पाटी पांढरी केलेली तर नाही न ते आरसीच्या हिस्ट्रीत शोधा. स्टिअरिंग आणि पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर चाळीस हजार, असं असेल तर हात जोडा.

कागदवाली_ताई
पूर्ण पैसे देण्याआधी फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे) सह्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचं कर्ज उतरवायचा). जुने ई-चलान विकणाऱ्याने भरायचे, तुम्ही नाही. विमा तुमच्या नावावर करून घ्या, विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सूट) त्याच्यासोबतच जातो. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली का तेही बघा.

आणि धाकट्याला चावी देऊ नका, गल्लीत पण नाही. कलम १९९अ: पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कागदावरच दाखवा त्याला, तोंडी ऐकत नाहीत हे लोक.

गॅरेजवाला_भाऊ
बजेटमधले चाळीसेक हजार बाजूला ठेवा हो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा, तसले टायर नक्षी शाबूत असली तरी आपल्या उन्हात फुटतात. टायर, बॅटरी, क्लच, सगळं पहिल्या वर्षातच निघते.

मनीषनगरची_आई
सिटीची तारीख विचारली, "होऊन जाईल मॅडम" म्हणाला. सोडली. मॅडम रुसून बसल्यात. रविवारी सकाळी एतिओस बघायला चाललो, गाडी चालू करू नका सांगून ठेवलं आहे. भाऊ, बेसाच्या साइडला आहे, तुम्ही किंवा ओळखीचा कोणी येऊ शकेल का? जे काय असेल ते देऊ.

गॅरेजवाला_भाऊ
येतो, आठच्या आधी ठेवा. टॉर्च घेऊन या, मोबाईलचा नको.